शाळेतलं दातांचं शिबिर अन् खिचडीनंतरचा ब्रश : एका किराणा दुकानदाराचा रिव्ह्यू

आधी स्टार देऊन टाकतो, म्हणजे ज्यांना लांबलचक वाचायचा कंटाळा आहे ते इथूनच मोकळे. खासगी दवाखान्यानं शाळेत येऊन घेतलेलं मोफत दंत तपासणी शिबिर, 5 पैकी 2. अन् आमच्या शाळेत मॅडमनी सुरू केलेला खिचडीनंतरचा ब्रश, 5 पैकी साडेचार, अर्धा का कापला ते पुढं येईलच. दवाखान्याचं नाव घेणार नाही, डॉक्टर माणूस म्हणून वाईट नव्हते अन् उद्या रस्त्यात गाठ पडायची.

मी परभणी जिल्ह्यात, सेलू तालुक्यातल्या एका गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेच्या अगदी समोर किराणा दुकान चालवतो. शाळा व्यवस्थापन समितीवर पालक म्हणून आहे. म्हणजे लेकरांना एक रुपयाचं चॉकलेट विकणारा मीच अन् त्यांच्या दातांवर बोलणारा बी मीच, हसायचं तर आत्ताच हसून घ्या.

तर मागच्या वर्षी शिबिर झालं. बॅनर मोठा, नारळ फुटला, सरपंच आले, फोटो झाले. दोन खुर्च्या, एक टॉर्च, लेकरांची रांग व्हरांड्यातून पार हापशापर्यंत. एकेका लेकराला अर्धा मिनिट मिळाला असंल नसंल, "आ कर, बस, पुढचा". जाताना प्रत्येकाला पेस्टची पुडी अन् एक कार्ड, कार्डाच्या मागं दवाखान्याचा पत्ता अन् 20 टक्के सूट. लेकरं पुडी फाडून वाटेतच चाटत आली, गोड लागती म्हणून.

आमची मोठी तेव्हा तिसरीत, आठ वर्षाची. तिच्या कार्डावर इंग्रजीत काहीतरी गिचमिड अन् पुढं आकडा, 36. आता सांगा, माझ्यासारख्या बारावी झालेल्या माणसानं ह्याचा काय अर्थ काढायचा? मी म्हणलं 36 दात किडले का काय, आमच्या मातोश्री म्हणल्या आरं मेल्या माणसाला बत्तीसच असतेत, लेकराला 36 कुठून येतील. घरात नुसती हसाहशी. कार्ड गेलं फ्रीजवर, वर गॅसची पावती, विषय संपला. तो आकडा म्हणजे काय हे मला कळलं सहा महिन्यांनी, पोरगी रात्री दोनला गाल धरून रडायला लागली तेव्हा.

दातांचे डॉक्टर तोंडाचे चार भाग करतात, त्यात खालची डावी बाजू म्हणजे तिसरा भाग, अन् पुढच्या मधल्या दातापासून मागं मोजत गेलं की सहावी ती दाढ. तीन अन् सहा, छत्तीस. म्हणजे शिबिरवाल्यांनी बरोबर दाढ पकडली होती बघा! सहा महिने आधी, कीड लहान असताना. नुसतं मराठीत "खालची डावी मोठी दाढ किडायली आहे, ही पडणारी दाढ नाही, लवकर भरून घ्या" एवढं लिहिलं असतं किंवा शाळेनं पालकाला बोलावून तोंडानं सांगितलं असतं तर काम थोडक्यात भागलं असतं. म्हणून 2 स्टार. एक स्टार दाढ बरोबर ओळखल्याचा अन् एक आले म्हणून.

ह्या दाढेबद्दल जरा थांबून सांगतो कारण आमच्यासारखे शंभर जण असतील. साधारण सहाव्या वर्षी लेकराच्या दुधाच्या दातांच्या मागं एक मोठी दाढ येते, वर दोन, खाली दोन. ही दाढ यायला कोणता दात पडावा लागत नाही, गुपचूप मागं उगवते, त्यामुळं घरच्यांना वाटतं ही बी दुधाचीच, पडंल आपोआप. नाही पडत. ती आयुष्यभराची आहे. अन् आली तेव्हा तिच्यावर खोल खाचा असतात, त्यात बिस्किट, चॉकलेट जाऊन बसतं, सहा वर्षाच्या लेकराचा ब्रश तिथवर पोचत नाही. आम्ही पण "पडंल पडंल" करत बसलो. आईनं लवंग ठेवली, मग माझी नजर चुकवून मशेरी लावली. हो, मशेरी, भाजलेली तंबाखू, आठ वर्षाच्या लेकराला. आईचं म्हणणं तिचे दात साठीत बी घट्ट आहेत. आई, तुझे आता उरलेत किती ते मोज, मी काही बोलत नाही.

गावाकडच्या खासगीत दाखवलं तर रूट कॅनल अन् कॅप मिळून साडेसहा हजार सांगितले. मग कोणीतरी म्हणलं छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी दंत महाविद्यालयात ने, पैसे बी कमी अन् लेकरांचा विभाग वेगळा आहे. सेलूवरनं रेल्वे आहेच, सकाळच्या गाडीनं गेलो. केसपेपर, रांग, ते सगळं सरकारी दवाखान्यात असतं तसं, त्यात काय सांगायचं. पण तिथल्या शिकाऊ डॉक्टर मुलीनं एक गोष्ट समजावून सांगितली जी मला आजवर कुणी सांगितली नव्हती. ह्या वयात दाढ बाहेर आलेली दिसते पण तिच्या मुळाचं टोक अजून बंद झालेलं नसतं, ते पूर्ण व्हायला नऊ-दहा वर्षं वय लागतं, म्हणून मोठ्या माणसासारखं सरळ रूट कॅनल करायची घाई करत नाहीत. वरची बिघडलेली नस काढली, औषध भरलं, पुढच्या खेपेला स्टीलची कॅप बसवली. तीन चकरा झाल्या. बाकीच्या तीन दाढांच्या खाचा पातळ औषधानं बंद करून दिल्या, पाच-पाच मिनिटांचं काम, सुई नाही, मशीनचा आवाज नाही, पोरगी हसत उठली. मला तिथंच वाटलं की हे शाळेत करायचं काम आहे! पहिली-दुसरीच्या लेकरांच्या दाढा आल्या की खाचा बंद करून टाकायच्या. शिबिरात खुर्ची होती, टॉर्च होता, डॉक्टर होता, औषध तेवढं नव्हतं.

सरकारी पथकाचं पण सांगतो, लोक त्याला विसरतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम म्हणून 2013 पासून आहे, आरबीएसकेची गाडी म्हणतात आमच्याकडं. अंगणवाडीत वर्षातून दोनदा अन् शाळेत एकदा येते. दोन आयुष डॉक्टर, एक नर्सबाई, एक फार्मासिस्ट असा स्टाफ, त्यांच्या यादीत दातांची कीड पण आहे. पण ते डोळे, कान, हृदय, रक्त कमी, सगळंच बघतात अन् त्यांच्यात दातांचा डॉक्टर नसतो. त्यांनी चिठ्ठी दिली तर पुढं जिल्हा रुग्णालयात मोफत दाखवता येतं. ती चिठ्ठी फ्रीजवर ठेवू नका, एवढंच.

आता मॅडमचं. जूनमध्ये बदलून आल्या. पहिल्याच मीटिंगला म्हणल्या, "भाऊ, शाळेत रोज खिचडीनंतर ब्रश करू." आम्ही सगळे एकमेकांकडं बघायलो. हेडसर म्हणले हे आता शिक्षकांनी करायचं का, आधीच सर्व्हे, निवडणूक, ऑनलाइन माहिती भरा, त्यात हे. त्यांचं चुकत नव्हतं, खरंच मास्तर लोकांच्या डोक्यावर काय काय लादलंय ते आम्ही दुकानातून बघतो. मॅडम म्हणल्या दहा मिनिटं द्या, मी उभी राहते. अन् मग माझ्याकडं वळून, "खर्च किती येतो ते तुम्ही काढा, तुम्हाला हिशोब येतो."

तर काढला. 58 लेकरं. ब्रश तीन-चार महिन्यांनी बदलायचा, शाळेच्या वर्षात तीन धरले, होलसेलात लहान मुलांचा साधा ब्रश 12 ला पडला, 2088 रुपये. पेस्ट वाटाण्याएवढी, म्हणजे पाव ग्रॅमच्या आसपास, 58 जणांना दिवसाला साडेचौदा ग्रॅम, 150 ग्रॅमची ट्यूब दहा दिवस जाते. शाळेचे 220 दिवस धरले तर 22 ट्यूबा, मला 80 ला मिळाली, 1760 रुपये. टोटल 3848. एका लेकरामागं वर्षाला 66 रुपये! माझ्या पोरीच्या एका दाढेला तीन चकरांचं भाडं, खाणं अन् तीन दिवस बंद दुकान धरलं तर शाळेचा वर्षाचा ब्रश निघाला असता, तो बी सरकारी दवाखाना असताना. मीटिंगमध्ये हा हिशोब वाचून दाखवला तर लोकवर्गणी दोन दिवसात जमली. फ्लोराईडवाली, म्हणजे कीड रोखणारा क्षार असलेली पेस्ट घ्या म्हणून मॅडमनी बजावलं होतं, नुसतं लवंग-मीठ-कोळसा लिहिलेली नको, डब्यावर फ्लोराईड लिहिलंय का बघायचं. मी दुकानदार असून आजवर कधी बघितलं नव्हतं.

पहिला महिना म्हणजे नुसता तमाशा. पाचवीची पोरं ब्रशनं तलवारबाजी खेळायली, एकानं पेस्ट खाल्ली, एकानं दुसऱ्याचाच ब्रश तोंडात घातला, दोन सख्ख्या भावांना कळंना आपण वेगळा ब्रश का वापरायचा कारण घरी दोघात एकच आहे. मॅडमनी जुन्या साडीचे खिसे शिवून भिंतीला टांगले, प्रत्येक खिशावर नाव, ब्रशचं डोकं वर अन् एकमेकाला लागायचं नाही, वारा लागून सुकायला पाहिजे. डबीत झाकून ठेवलेला ओला ब्रश वास मारतो हे घरी करून बघा. चौथीच्या चार पोरी मॉनिटर, त्या पेस्ट देतात. बाकीच्यांच्या हातात ट्यूब द्यायचीच नाही.

पाण्याचं मला सगळ्यात टेन्शन होतं. आमच्याकडं मार्चपासून टँकर, शाळेच्या टाकीत प्यायलाच पुरंना, अन् 58 लेकरं चूळ भरणार? तर मॅडम म्हणल्या चूळ भरायचीच नाही. फेस थुंकायचा, बास. मला पटंना, पेस्ट तोंडात ठेवायची म्हणजे काय. पण संभाजीनगरच्या डॉक्टरनं पण हेच सांगितलं की पेस्टमधलं फ्लोराईड थोडा वेळ दातावर राहिलं तरच त्याचा फायदा, चूळ भरली की धुऊन गेलं. थुंका पण खळखळून चूळ भरू नका. मराठवाड्याला ह्यापेक्षा सोयीची डॉक्टरकी सापडायची नाही. उन्हाळ्यात टाकी कोरडी पडली त्या आठवड्यात बी ब्रश बंद पडला नाही, थुंकायला एका टोपल्यात राख ठेवली होती. फक्त लहान लेकरं थुंकतात का गिळतात ते उभं राहून बघावं लागतं, अंगणवाडीच्या तीन वर्षाखालच्यांना तांदळाच्या दाण्याएवढीच पेस्ट.

फ्लोराईडवर एक गोष्ट, ती सगळ्यांना लागू नाही पण आपल्या भागात काही ठिकाणी लागू आहे. माझी सासुरवाडी नांदेड जिल्ह्यात किनवटकडं. तिकडं काही गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराईड जास्त आहे. पाण्यात लिटरला दीड मिलीग्रॅमच्या वर नको असं मानक आहे. मेव्हण्याच्या पोराच्या दातांवर तपकिरी डाग आहेत, त्याला शाळेत पोरं चिडवतात, अन् तिकडच्या एका शिबिरात त्याला सांगितलं "नीट घासत जा". अरे बाबा ते घासून जात नसतं! दात हिरडीच्या आत तयार होतानाच ते पाणी पोटात गेलं म्हणून डाग पडतात, बिचारा राखुंडी घेऊन दात झिजवायलाय. अशा गावात शाळेनं आधी पाणी तपासून घ्यावं, ग्रामपंचायतीकडं जलजीवन मिशनचं तपासणी किट असतं त्यात फ्लोराईडची पण टेस्ट होते, अन् मग पेस्ट कोणती ते डॉक्टरला विचारून ठरवावं. अन् चिडवणाऱ्या पोरांना वर्गात समजावून सांगावं. आमच्या शाळेचं पाणी बसतं मापात, तपासलंय.

बरं, माझ्या धंद्याचं. मॅडम एक दिवस दुकानात आल्या, चहा पावडर घेतली अन् काउंटरवरच्या चॉकलेटच्या बरणीकडं बघत उभ्या राहिल्या. मी म्हणलं मॅडम बंद करा म्हणू नका, पोटावर येईल. त्या म्हणल्या बंद कशाला, पण तुमची पोरगी शाळा सुटल्यावर संध्याकाळपर्यंत ह्या बरणीतून किती काढते ते कधी मोजलंय का? नव्हतं मोजलं. दुकानदाराची लेक, तिला कोण पैसे मागणार. दुसऱ्या दिवशी मोजलं तर सात. सात एकदम नाही, दर अर्ध्या-पाऊण तासाला एक. अन् तिथंच खरी मेख आहे. गोड किती खाल्लं त्यापेक्षा किती वेळा खाल्लं ह्यानं दात जातात. दर वेळी गोड तोंडात गेलं की तोंडातले जंतू त्याचं आम्ल करतात, ते वीस मिनिटं-अर्धा तास दाताला लागून राहतं, मग लाळ ते हळूहळू निस्तरते. दिवसभर चघळत राहिलं तर लाळेला निस्तरायला वेळच मिळत नाही. जेवणासोबत एकदा जिलबी खाल्ली तर परवडली पण दिवसभर गालात लिमलेट नको.

म्हणून शाळेनं वाढदिवसाला चॉकलेट वाटणं बंद केलं, त्याच्यावरून पालकांत थोडी कुरबुर झाली, "एक दिवसानं काय होतं". 58 लेकरांच्या शाळेत एक दिवस नसतो ओ तो, दर आठवड्याला एखादा वाढदिवस असतोच. आता पेन्सिल वाटतात नाहीतर पेरू. एका आजोबांनी विचारलं गुळाची चिक्की चालंल का, गूळ चांगला असतो. अंगाला असंल, दाताला नाही, जंतूला साखर काय अन् गूळ काय, वर चिक्की खाचेत चिकटते ते वेगळंच. फुटाणे, शेंगदाणे चालतात. माझी चॉकलेटची विक्री पडली, खोटं कशाला बोलू, पण फुटाण्याची पुडी आता पाच रुपयाला जाते अन् त्यात मार्जिन जास्त आहे. तंबाखू-गुटख्याच्या पुड्या मात्र मी शाळेसमोर ठेवतच नाही. गुटख्याला तर राज्यात 2012 पासून बंदीच आहे, अन् 2003 च्या कायद्यानं शाळेपासून 100 यार्डात तंबाखू विकता येत नाही. आधी ठेवायचो, कबूल. घरून लेकरू येतं "आजीला तंबाखू द्या मशेरीला", त्याला बी द्यायची नाही, अठराच्या आतल्याला विकायची परवानगीच नाही. आजीला म्हणावं स्वतः चालत या. माझ्या आईला पण हेच सांगितलं, चार दिवस बोलली नाही.

अन् एक प्रसंग सांगतो ज्याच्यामुळं मी मॅडमला मनातून वेगळा स्टार दिला. खो-खोच्या प्रॅक्टिसला सातवीतल्या एका पोराचं तोंड खांबावर आपटलं अन् पुढचा अख्खा दात मुळासकट बाहेर. रक्त, आरडाओरडा. मॉनिटर पोरगी पळत दुकानात, "काका दुधाची पिशवी द्या, मॅडमनी सांगितलंय, पैसे नंतर". मला वाटलं पोराला चक्कर आली असंल, दूध पाजायचंय. मी ग्लास बी घेऊन गेलो बावळटासारखा. तर मॅडमनी दात मुळाला हात न लावता वरच्या चावायच्या बाजूनं धरला, माती लागली होती ती नुसती हलकी धुतली, घासली नाही, अन् दुधाच्या डब्यात टाकला. मोटारसायकलवर मीच घेऊन गेलो सेलूला, अर्ध्या-पाऊण तासात डॉक्टरच्या खुर्चीत. त्यांनी दात परत जागेवर बसवून शेजारच्या दातांना तारेनं बांधला. म्हणले तासाच्या आत आणला अन् दुधात आणला म्हणून जमलं, कागदात गुंडाळून सुकवून आणला असता तर अवघड होतं. पक्क्या दाताचंच असं करतात, दुधाचा दात परत बसवत नाहीत. दात अजून जागेवर आहे, मधूनमधून दाखवायला नेतात. दुधाचे पैसे मी घेतले नाहीत.

आता अर्धा स्टार का कापला. ब्रश शाळेत होतो, घरी रात्री होत नाही, अन् झोपेत लाळ कमी होते म्हणून रात्रीचाच जास्त महत्त्वाचा. त्याला शाळा काय करणार. सुट्ट्यांत बोंब. अन् दिवाळीच्या आसपास काही घरं ऊसतोडीला जातात, लेकरं सोबत. भिंतीवरच्या साडीत चार-पाच खिसे मार्चपर्यंत तसेच, नाव आहे, ब्रश सुकलेला. पुढच्या वर्षीपासून मॅडमनी जाणाऱ्या लेकरांच्या हातात ब्रश-पेस्ट देऊन पाठवायचं ठरवलंय, तिकडं कोपीवर, म्हणजे ऊसतोडीच्या झोपडीवर, कोण उभं राहून बघणार ते त्यांना बी माहीत नाही. शिवाय सगळं एका माणसावर आहे, मॅडमची बदली झाली की काय, हा प्रश्न मीटिंगला कुणी काढला की हेडसर विषय बदलतात.

गल्ल्याला बसून दिसतं तेवढं सांगतो. शिबिर म्हणजे वर्षाचा एक दिवस, ब्रश 220 दिवस. दोन्ही पाहिजेत, पण एकच जमणार असंल तर बॅनरचे पैसे ट्यूबात घाला.

कालच त्याच दवाखान्याचा माणूस ह्या वर्षीच्या शिबिराची तारीख विचारायला दुकानात आला होता. मी विचारलं, कार्ड मराठीत देणार का? पालकांना त्या दिवशी शाळेत बोलावलं तर दाढ दाखवून सांगणार का? अन् पहिली-दुसरीच्या दाढांच्या खाचा भरायचं औषध आणणार का, वर्गणी आम्ही काढू. तो म्हणला साहेबांना विचारून सांगतो. अन् जाता जाता बॅनर लावायला सुतळी आहे का म्हणून विचारलं. दिली, दहा रुपये घेतले.